रुमालाखालचा भाव

बिरूमामा आपल्या रुमालानं घाम पुसत नसे. परंड्याच्या बाजारतळावर दिवसभर उन्हात उभा राहायचा, कपाळावरून धारा लागायच्या, पण त्या सदऱ्याच्या बाहीनं निपटायचा. खांद्यावर घडी करून ठेवलेला विटकरी रंगाचा रुमाल तसाच कोरडा राहायचा. त्याच्या कडेला नागूबाईनं काळ्या दोऱ्यानं टीप मारलेली होती. नागूबाई म्हणजे त्याची बायको. ती म्हणायची, "ह्या फडक्याला जपत्यात तेवढं मला जपलं असतं, तर म्या आजून धा वर्सं जगले असते." आणि हे ती धडधाकट उभी राहून, कमरेवर हात ठेवून सांगायची.

या माणसाविषयी चार ओळी लिहायचा अधिकार खरं तर मला नाही. ज्यानं त्याचा धंदा बुडवला त्यानंच त्याचं गुणगान गावं, हे काही शोभत नाही. पण दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, आणि लिहिलंच तरी त्यात माझं नाव कोणी घालणार नाही. आमच्या गावात निवृत्त गुरुजींना नावं ठेवायची पद्धत नाही. म्हणून मीच लिहायला बसलोय.

बिरूमामा शेरडांचा दलाल. जातीनं धनगर, आमच्याच गावचा. गाव सोनारीच्या वाटेवर. त्या काळी शेरडाचा भाव तोंडानं ठरत नसे. दलाल आणि व्यापारी समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल टाकत आणि आतल्या आत बोटं धरत. एक बोट म्हणजे दहा रुपये, पाची बोटं म्हणजे पन्नास, आणि नुसतं पेर दाबलं की पाच. वर दोघांचे चेहरे कोरे. एखादा तर त्याच वेळी तिसऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत असायचा. भाव जमला की रुमाल निघायचा आणि मालकाच्या हातात पैसे पडायचे. शेजारच्याचं शेरडू कितीला गेलं ते कोणाला कळत नसे, आणि विचारणं वाईट समजत. "रुमालाखालचं रुमालाखाली," एवढाच बिरूमामाचा कायदा होता.

शेरडाच्या पाठीच्या कण्यावरून तो दोन बोटं फिरवायचा, ओठ वर करून दात बघायचा आणि वय सांगायचा. विकलेल्या शेरडाच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. काय म्हणता, असं एकदा मी लहानपणी विचारलं, तर म्हणाला, "म्हनतो, माझ्यावर रागावू नगंस." बाजाराच्या दिवशी त्याच्या घरी मटण शिजत नसे. सकाळी ज्यांचं तोंड बघितलं त्यांचं संध्याकाळी कसं खायचं, हा त्याचा सवाल. दलाली मात्र तो दोन्हीकडून घ्यायचा, आणि कोणी घासाघीस केली तर ऐकू न आल्यासारखं करायचा. साधुसंत नव्हता.

बहात्तर साली मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि मला सगळं कळत होतं.

आदल्या साली पाऊस बेताचा झाला होता, त्या साली झालाच नाही. अशा दिवसांत तालुक्याहून सहकाराचे एक साहेब आमच्या शाळेत भाषण करायला आले. भाव उघडा असला आणि माप खरं असलं की कोणी कोणाला लुबाडू शकत नाही, तरुणांनी हे काम हाती घ्यावं, असं त्यांनी सांगितलं. चहा पिऊन ते जीपनं निघून गेले आणि आम्ही नऊ पोरांनी 'सचोटी तरुण मंडळ' काढलं. अध्यक्ष मी. माझे वडील हिंमतराव, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्यांची जमीन गावात सगळ्यात जास्त; अध्यक्ष व्हायला माझ्याकडे तेवढंच भांडवल होतं. चिटणीस बाबू. बाबू बौद्ध वस्तीतल्या सरुबाईचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, पोरगा मॅट्रिकला शाळेत पहिला आलेला. मंडळात अध्यक्ष भाषण करायचा आणि चिटणीस काम करायचा.

'उघडा भाव, खरं माप' असं आम्ही चुन्यानं गावभर लिहिलं. शाळेच्या भिंतीवर लिहिलं, चावडीवर लिहिलं, शिवलिंगप्पाच्या किराणा दुकानावर तर त्याला न विचारता लिहिलं. मग एक दिवस बाबूनं त्याच दुकानात तागडीचं पारडं उलटं केलं, तर खाली चिंचेचा गोळा चिकटवलेला. शिवलिंगप्पा म्हणाला, "मुंग्या लागू नयेत म्हणून लावलाय." मुंग्या चिंचेला लागतात की लोखंडाला, असं बाबूनं शांतपणे विचारलं आणि सगळं गाव हसलं. दुसऱ्या दिवसापासून शिवलिंगप्पा गिऱ्हाइकाला पारडं पालथं करून दाखवूनच माल तोलायला लागला. आमच्या छात्या दोन-दोन वीत फुगल्या. एवढ्यावर थांबलो असतो तर आज मी सुखानं झोपलो असतो.

पण माझ्या मनात बिरूमामा होता. त्याचं कारण मंडळापेक्षा जुनं आणि माझ्या घरातलं होतं. आदल्या वर्षी आमचे दोन बोकड त्यानं सात-सात बोटांना विकले. चांगले हत्तीसारखे बोकड. त्याच बाजारात, त्याच व्यापाऱ्याला, बलभीमचा एक मरतुकडा बोकड आठ बोटांना गेला. बलभीम म्हणजे दोन एकर मुरमाडाचा धनी. तो खुशीत माझ्याजवळ बोलून गेला. मी तसाच घरी येऊन आबांना सांगितलं. आबा सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, "असू दे." मला वाटलं, आबा भोळे आहेत आणि बिरूमामा आमच्या बोकडांवर मधल्या मध्ये हात मारतोय. रुमालाखाली लबाडी नाही तर दुसरं काय असणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मंडळाच्या बैठकीत टोमणा मारला, आणि पोरं हसली.

श्रावण संपत आला तरी रान काळंच होतं. कडबा मिळेना, पाणी दोन मैलांवरून. लोकांनी आधी बैल काढले, मग शेरडं. सरुबाईची तीन शेरडं होती, काळी कुळकुळीत, लांब कानांची. बाभळीच्या शेंगा वेचून वेचून तिनं ती जगवली होती. ती विकायचं ठरलं ते मात्र चाऱ्यासाठी नव्हे. बाबूचं आणि माझं, दोघांचं नाव धाराशिवच्या अध्यापक विद्यालयाच्या यादीत लागलं होतं. फी आणि खानावळीची आगाऊ रक्कम मिळून दीडशे रुपये गुरुवारपर्यंत भरायचे होते. नाहीतर नाव कटणार. माझे आबांनी भरून टाकले होते. बाबूचे तीन शेरडांतून उभे राहायचे होते.

परंड्याच्या शेरडांच्या बाजारात रुमाल काढायचा, सौदा उघड बोलीनं करायचा, हे मंडळानं ठरवलंच होतं. पहिलं शेरडू कोणाचं, एवढाच प्रश्न होता. बाबू म्हणाला, "आमच्या घरापासून सुरू करू. दुसऱ्याला सांगायच्या आधी आपण करावं." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. माझ्या घरचं शेरडू पहिलं उभं करावं, असं मला सुचलंदेखील नाही.

सरुबाईला ते पटलं नव्हतं. आम्ही सांगायला गेलो तेव्हा ती पाट्यावर मिरची वाटत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "बिरूमामाला ईचारलं का आधी?"

"त्याला काय विचारायचं?" मी म्हणालो.

"न्हाय लेकरा, त्यो बराबर करतो. मागल्या बारीला बी बराबर केलतं."

बाबू म्हणाला, "आये, कुणाच्या मेहरबानीचा भाव आपल्याला नगं. हक्काचा भाव पायजे. चार लोकांत, मोठ्यानं बोललेला." सरुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पोरगा शिकलेला होता, आणि ती त्याच्या शिकण्यासाठीच तर शेरडं काढत होती. तिनं पुन्हा मिरची वाटायला घेतली.

बाजाराच्या दिवशी सकाळी किल्ल्याच्या बाजूच्या तळावर आम्ही नऊ जण चुन्यानं रंगवलेला फळा घेऊन उभे राहिलो. शेरडं बेसुमार आली होती. व्यापारी चारच, त्यांत मोठा कुर्डुवाडीचा. तो आठवड्याला रेल्वेचा डबा भरून मुंबईला शेरडं पाठवायचा. सरुबाई तीन दावी हातात धरून मध्ये उभी होती.

बिरूमामा गर्दीतून माझ्याकडे आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "उत्तरेश्वर, आजचा दिस रुमाल ऱ्हाऊ द्या. फुडल्या बाजारापासून काय करायचं ते करा."

"का? आजच काय आहे?"

"हाय थोडं. तुमी माझ्यावर इस्वास ठेवा."

एवढं ऐकून माझी जीभ सैल सुटली. मी मोठ्यानं, सगळ्या तळाला ऐकू जाईल असं विचारलं, "आमचे बोकड सात बोटांना आणि बलभीमचा मरतुकडा आठ बोटांना, तो कोणत्या हिशेबानं गेला, ते सांगा आधी. मधलं बोट कुणाच्या खिशात गेलं?"

लोक बिरूमामाच्या तोंडाकडे बघायला लागले. गर्दीत बलभीमही होता. त्यानं मान खाली घातली. बिरूमामानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सरुबाईकडे पाहिलं. त्याला उत्तर देता आलं असतं. आज मला ते उत्तर पाठ आहे. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून त्याची आणखी एक घडी घातली आणि सदऱ्याच्या आत ठेवला. "बरं," म्हणाला, आणि चिंचेखाली जाऊन बसला.

मी जिंकलो होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाबूनं बोली पुकारली. "तीन शेरडं, तरणी, निरोगी. एकाचा भाव बोला." कुर्डुवाडीच्या व्यापाऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "तीस." दुसरा म्हणाला, "बत्तीस." मग तिसरा जमिनीकडे बघायला लागला, चौथा बिडी शोधायला लागला. कुर्डुवाडीवाला "पस्तीस" म्हणाला आणि तिथंच गाडं अडलं. बाबू पुकारत राहिला. पस्तीस एक, पस्तीस एक. त्याचा आवाज आधी खणखणीत होता, मग चिरका झाला.

मी व्यापाऱ्याजवळ जाऊन म्हणालो, "शेट, एवढ्या चांगल्या शेरडांना पस्तीस? मागच्या बाजारात तुम्ही पन्नासच्या वर दिलेत म्हणे."

"दिले असतील," तो म्हणाला. "पोरा, हितं आज दोनशे शेरडं हायत. तोंडानं एकदा साठ म्हनलो, तर दोनशे जन साठ मागत्याल. माझा काय खजिना हाय? रुमालात एकाला साठ दिलं तर ते एकालाच कळत हुतं. आता सगळ्या दुनियेला कळनार. मग म्या पस्तीसच बोलनार."

हे ऐकल्यावर तरी मी बोली थांबवायला हवी होती. शेरडं सोडा, घरी न्या, आमचं चुकलं, असं म्हणायला हवं होतं. पण सगळा तळ बघत होता, आणि मी अध्यक्ष होतो. सरुबाईनं बाबूकडे पाहिलं. गुरुवार तीन दिवसांवर होता आणि शेरडांना घालायला घरात काडी नव्हती. तिनं दावी व्यापाऱ्याच्या माणसाच्या हातात दिली. तिन्ही शेरडांचे मिळून एकशे पाच झाले.

एकदा पस्तीस भाव उघड्यावर फुटला, आणि मग त्या दिवशी कोणाचंच शेरडू पस्तीसच्या वर गेलं नाही. "सरुबाईनं दिलं की पस्तीसला, तुझं काय सोन्याचं हाय?" असं व्यापारी म्हणायचे. पुढच्या बाजारातही तेच, त्याच्या पुढच्याही. लोकांनी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. मी हिंमतरावांचा मुलगा होतो. त्यांनी त्या भावालाच नाव दिलं. कोणाचं काही मातीमोल गेलं की परंड्याच्या बाजारात म्हणायचे, "सरूच्या भावानं गेलं." भांडं गेलं तरी, दागिना गेला तरी. नाव माझं पडायला हवं होतं, पडलं त्या बाईचं. पुढची चार-पाच वर्षं ती परंड्याच्या बाजाराला गेली नाही. मीठमिरचीसाठी पायी सोनारीला जायची.

पंचेचाळीस रुपये कमी पडले आणि बाबूचं नाव कटलं. इथं मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. ते पंचेचाळीस रुपये मी आबांकडे मागू शकलो असतो. आबांनी दिले असते. बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभाही राहिलो. पण मागायचे म्हणजे का लागतात ते सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे मंडळाचं चुकलं, माझं चुकलं, हे कबूल करायचं. "काय रे?" आबांनी विचारलं. "काही नाही," म्हणून मी परत फिरलो. शुक्रवारी माझी पत्र्याची ट्रंक घेऊन मी धाराशिवच्या गाडीत बसलो. ट्रंक गाडीच्या टपावर बाबूनं चढवली.

आबांशी मी बोललो ते दिवाळीच्या सुट्टीत. बाजारातली हकिगत त्यांच्या कानावर कधीच गेली होती. ते म्हणाले, "आपल्या बोकडाचं एक बोट कमी आलं, तर आपल्या घरात चूल थांबत न्हाय. बिरू ते बोट व्यापाऱ्याकडं ठेवायचा आन् ज्याला गरज आसंल त्याच्या शेरडावर चढवून घ्यायचा. बलभीमची लेक तवा बाळंतपनाला आलती. मला म्हाईत हुतं. म्हनून तर म्या शेरडं त्याच्याकडंच द्यायचो."

"मग मला का सांगितलं नाही?"

"तू गावभर सांगितलं असतंस." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आन् मग घेनाऱ्याला खाली बघाय लागलं असतं."

त्या दिवशी तळावर बिरूमामा गप्प का बसला, ते मला तेव्हा समजलं. स्वतःला सोडवायला त्याला बलभीमचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि दहा जणांची नावं घ्यावी लागली असती. हक्काचा भाव मागणाऱ्या बाबूसमोर त्याच्या आईचंही घ्यावं लागलं असतं. त्यानं स्वतःचं नाव जाऊ दिलं.

त्याची दलाली संपलीच होती. दुष्काळी कामावर तो खडी फोडायला जायला लागला. सुट्टी संपवून परत निघालो तेव्हा माझी गाडी त्याच रस्त्यावरून गेली. रस्त्याच्या कडेला माणसांची रांगच्या रांग दगडांपुढे बसली होती. बाबू एका जागी, त्याच्यापासून चार हातांवर बिरूमामा. त्यानं हातोडा खाली ठेवला, सदऱ्यातून रुमाल काढला आणि तोंडावरचा घाम पुसला. मी खिडकीतून मान आत घेतली.

मी मास्तर झालो. जिल्ह्यात चार गावं फिरलो. शाळेत मुलांना माप आणि भाव शिकवताना मला तपासणीत सगळ्यात जास्त गुण मिळायचे, कारण साहेबांना ते आवडायचं. बाबू दुष्काळानंतर दोन वर्षांनी एस. टी.त कंडक्टर लागला, परंडा–कुर्डुवाडी गाडीवर. लग्न झालं, मुली शिकायला लागल्या. आमची भेट व्हायची, तो हसून बोलायचा. बाजाराचा विषय त्यानं एकदाच काढला. म्हणाला, "आपण चुकलो न्हाय, उत्तरेश्वर. घाई केली." 'आपण' म्हणाला. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

चौऱ्याऐंशी साली परंड्यात शेळीपालकांच्या सहकारी संस्थेनं काटा बसवला. शेरडू जिवंत तोलायचं, किलोचा भाव फळ्यावर लिहायचा. व्यापाऱ्यानं त्याच्या खाली मागितलं, तर संस्था स्वतः शेरडू ठेवून घ्यायची. हे मात्र खरं काम होतं. आम्ही रुमाल काढला होता आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. संस्थेच्या पोरांनी आधी ठेवलं आणि मग काढला. त्यांच्यात मथुराबाई नावाची एक विशीतली पोरगी होती, ती काट्यापाशी उभी राहून प्रत्येक बाईला वजन वाचून दाखवायची. उद्घाटनाला त्यांनी मला बोलावलं, जुना कार्यकर्ता म्हणून. माझ्या गळ्यात हार घातला. मी भाषणही केलं. त्यात बिरूमामाचं नाव घेईन असं घरून ठरवून गेलो होतो. घेतलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाबू भेटला. त्याची गाडी दुपारी सुटायची होती. म्हणाला, "बिरूमामा अंथरुणाला खिळलाय. सायकली घेऊन जाऊन येऊ. आजच्या काट्याचं त्याला सांगू, बरं वाटंल." मला नको होतं. पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

नागूबाई दारातच बसली होती. आत बाजेवर बिरूमामा. उंच माणूस वाळून लहान झालेला. बाबूनं त्याला काट्याची सगळी हकिगत सांगितली. तो ऐकत होता. "बेस झालं," म्हणाला, "गरिबाला ईचारावं लागत न्हाय आता." मग बाबू नागूबाईबरोबर पाणी आणायला रांजणाकडे गेला, आणि मी एकटाच त्याच्यापाशी राहिलो.

मी म्हणालो, "बिरूमामा, त्या दिवशी मी तुम्हाला..." बारा वर्षं घोकलेलं वाक्य, पण तिथंच अडलं.

त्यानं उशाखाली हात घातला आणि रुमाल काढला. विटून विटून पांढरा पडला होता, काळी टीप तेवढी शाबूत होती. त्यानं तो आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. मला काही कळेना.

"त्या दिशी सकाळीच सौदा झालता," तो म्हणाला. "कुर्डुवाडीवाल्याबरूबर. सरूच्या शेरडांचा. दर शेरडामागं."

रुमालाखाली त्यानं माझी पाची बोटं धरली. हात गार होता, पण पकड तीच. सोडली. मग एक बोट धरलं, आणि थोडा वेळ धरूनच ठेवलं.

साठ. तीन शेरडांचे एकशे ऐंशी. फी भरून वर गाडीभाडं आणि एक सदरा झाला असता. 'आजचा दिस रुमाल ऱ्हाऊ द्या' म्हणून तो आला होता, ते एवढ्यासाठी.

मी रडलो असं लिहायला आवडलं असतं. रडलो नाही. बाहेर बाबूची पावलं वाजली आणि मी घाईघाईनं हात काढून घेतला. बिरूमामानं रुमालाची घडी केली, उशाखाली ठेवली आणि डोळे मिटले. महिन्याभरानं तो गेला.

सायकलवरून परत येताना बाबूनं विचारलं, "मामा काय म्हणत हुता? हात धरून बसलाता."

"काही नाही," मी म्हणालो. "हात गार पडलेत म्हणाला."

मेहरबानीचा भाव होता हे ऐकून बाबूला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. साठ म्हटलं असतं, तर त्यानं एकच गोष्ट विचारली असती, की भाव माझ्यामुळं बुडाला, तर कमी पडलेले पंचेचाळीस मी आबांकडे का मागितले नाहीत. बिरूमामानं रुमालाखाली दुसऱ्यांची लाज झाकली. मी माझी झाकली.

परंड्याच्या स्टँडवर गाडी लागली होती. माझ्या शाळेच्या गावासाठी मला वाटेतल्या फाट्यावर उतरायचं होतं. गाडी खच्चून भरलेली. मी खिशात हात घातला, तोवर बाबूनं स्वतःच्या खिशातले पैसे कातडी पिशवीत टाकून तिकीट फाडलंही होतं. "असू द्या," म्हणाला. मग पुढच्या बाकावरच्या दोन पोरांना त्यानं मोठ्यानं हाक मारली, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी.

"ए, सरका रं. गुरुजींना बसू द्या."

पोरं उठली. मी बसलो.